पोत्यातला कोबाल्ट आणि सरकारचा काटा

काँगो लोकशाही प्रजासत्ताकाच्या लुआलाबा प्रांतातील कोल्वेझी या शहरात पोत्यांतून विकायला येणारा काळा, ठिसूळ दगड म्हणजे हेटेरोजेनाइट. त्याच्या रासायनिक सूत्रात कोबाल्टचा एक, ऑक्सिजनचे दोन आणि हायड्रोजनचा एक अणू असतो. यातील हायड्रोजनच्या जागी लिथियम बसवला की लिथियम कोबाल्ट ऑक्साइड तयार होते, आणि मोबाइलच्या बॅटरीतील धन अग्र बहुधा याच पदार्थाचा असतो. खड्डा आणि खिसा यांच्यात कागदावर अवघ्या एका अणूचा फरक आहे. प्रत्यक्षातील लांबलचक वाटेच्या पहिल्याच टप्प्यावर, म्हणजे खड्ड्यापासून कारखान्याच्या दारापर्यंत, आपली हुकमत बसवण्यासाठी काँगोचे सरकार गेली काही वर्षे धडपडत आहे.

हे काम इतके अवघड का, याचे निम्मे उत्तर भूशास्त्रात आहे. खोलवरच्या खडकात कोबाल्ट हा तांबे आणि गंधक यांच्याशी संयोग पावलेला असतो. पावसाचे पाणी आणि हवेतील ऑक्सिजन तिथवर झिरपले की हा खडक हळूहळू कुजतो. तांबे बरेचसे विरघळून खाली उतरते, पण ऑक्सिडीभवन झालेला कोबाल्ट पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि वरच्या थरातच साचत जातो. कोकणातील जांभ्यात लोह वर राहिले ते याच न्यायाने. निसर्गाने असा धातू निवडून जमिनीच्या वर आणून ठेवल्यामुळे तो काढायला प्रचंड यंत्रे लागत नाहीत, पहार आणि फावडे पुरते. कोल्वेझीच्या कासुलो या वस्तीत 2014 साली एका रहिवाशाला घराच्या आवारात खणताना हा दगड सापडला आणि पाहता पाहता परसांतच नव्हे, तर राहत्या घरांच्या जमिनींतूनही विहिरींसारखे खड्डे खाली गेले.

जगातील खाणींतून निघणाऱ्या कोबाल्टपैकी सुमारे तीन चतुर्थांश आज एकट्या काँगोत निघतो. त्यात हाताने खणलेल्या मालाचा वाटा भावाबरोबर वरखाली होतो. तो दहा ते तीस टक्क्यांच्या दरम्यान असल्याचे अंदाज सांगितले जातात. खणणाऱ्याने ओळखपत्र घ्यावे, सहकारी संस्थेत सामील व्हावे आणि सरकारने आखून दिलेल्या क्षेत्रातच खणावे, असे कायदा सांगतो. अडचण अशी की चांगली खनिजे असलेली जमीन खाणपट्ट्यांच्या रूपाने कंपन्यांकडे कधीच गेली आहे आणि उरलेल्या क्षेत्रांत बऱ्याच ठिकाणी खनिज नाही, किंवा असले तरी हाताच्या टप्प्याबाहेर आहे. त्यामुळे माणसे रात्री दुसऱ्याच्या पट्ट्यात शिरतात आणि कायद्याच्या दृष्टीने चोर ठरतात.

नोव्हेंबर 2018 मध्ये सरकारने कोबाल्टला सामरिक खनिज ठरवले आणि त्यावरील स्वामित्वधन दहा टक्के केले. पुढच्या वर्षी दोन यंत्रणा आल्या: बाजारावर नियंत्रण ठेवणारी आरेकॉम्स, आणि जेकामिन या सरकारी खाण कंपनीच्या छत्राखालची एंत्रप्रीझ जनराल द्यु कोबाल्ट. हाताने काढलेला सगळा कोबाल्ट खरेदी करण्याचा, त्यावर प्रक्रिया करण्याचा आणि तो विकण्याचा एकाधिकार या दुसऱ्या संस्थेला मिळाला. मक्तेदारी कागदावर आली, पण पुढची काही वर्षे व्यापार पूर्वीच्याच खासगी खरेदीदारांच्या हातात राहिला. दिवसभर खणणाऱ्याला आणि पोती वाहणाऱ्याला त्याच संध्याकाळी रोकड हवी असते, ती हे खरेदीदार देतात.

त्या खरेदीच्या टेबलाजवळ थोडे थांबले पाहिजे. पोत्याची किंमत नुसत्या वजनावर नाही, तर वजन आणि प्रत, म्हणजे दगडातील कोबाल्टचे प्रमाण, या दोन्हींवर ठरते. प्रत मोजायला पिस्तुलासारखे यंत्र असते आणि आपण कोणत्याही छायाप्रतीला झेरॉक्स म्हणतो त्याच धर्तीवर तिथे त्याला सर्रास मेटोरेक्स म्हणतात. यंत्रातून निघालेले क्ष-किरण अणूच्या सर्वांत आतल्या कक्षेतील इलेक्ट्रॉन उडवतात. त्या रिकाम्या जागी बाहेरचा इलेक्ट्रॉन उतरतो आणि उतरताना ठरावीक ऊर्जेचा क्ष-किरण सोडतो. कोबाल्टची ही ऊर्जा 6.93 किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे. लोहाची एक रेषा 7.06 वर, म्हणजे अगदी खेटून असल्याने लोहमिश्रित मातीत हिशेब काळजीपूर्वक करावा लागतो. शिवाय यंत्राला दिसतो तो पृष्ठभागाचा मिलीमीटरपेक्षाही पातळ थर, आणि नमुना ओला असेल तर आकडा कमी येतो. थोडक्यात, पोत्यातील कोणती चिमूट उचलली आणि ती किती वाळलेली होती, यावर एका माणसाची मजुरी ठरते. आणि यंत्र धरलेला हात विकत घेणाऱ्याचाच असतो. सगळा माल आपणच घेऊ असा हट्ट धरण्याआधी सरकारने तटस्थ काटा आणि तटस्थ यंत्र प्रत्येक बाजारात बसवले असते, तर पोती आपणहून त्या दाराकडे वळली असती असे मला वाटते.

कारण एकदा हा दगड कारखान्याच्या टाकीत पडला की त्याचे मूळ पुसले जाते. हेटेरोजेनाइटमधील कोबाल्ट साध्या गंधकाम्लाला दाद देत नाही, सल्फर डायऑक्साइडसारखे क्षपणकारक, म्हणजे ऑक्सिडीभवन उलटवणारे रसायन, मिसळले की विरघळतो. नंतर मॅग्नेशिया घालून त्याचा हायड्रॉक्साइड साका बनवला जातो. त्या साक्यात यंत्राने काढलेला दगड कोणता आणि कुणी पाठीवर वाहिलेला कोणता, हे व्यवहारात सांगता येत नाही. पूर्व काँगोतील टँटलम या दुसऱ्या धातूच्या खनिजाच्या पोत्यांना खूणचिठ्ठ्या बांधण्याची पद्धत आहे, पण चिठ्ठी ओळख देते ती पोत्याची, आतल्या दगडाची नाही.

उपयोगी पडलेला एक प्रयोग कोल्वेझीजवळच्या मुटोशी या खाणीत झाला. 2018 ते 2020 या काळात तिथे कुंपण घातले गेले आणि वरची निरुपयोगी माती यंत्राने काढून दिली गेली. त्यामुळे खनिजाचा थर उघडा पडला आणि बोगदे खणण्याची गरजच कमी झाली. माणसे दगावतात ती मुख्यतः अशाच बोगद्यांत. करोनाच्या काळात तो प्रयोग थांबला.

दरम्यान भाव कोसळला. 2022 मध्ये टनाला ऐंशी हजार डॉलरच्या पुढे गेलेला दर 2025 च्या सुरुवातीला बावीस हजारांच्या आसपास आला. 22 फेब्रुवारी 2025 रोजी सरकारने निर्यातच बंद केली आणि 16 ऑक्टोबरपासून कोटा लागू केला: उरलेल्या वर्षासाठी 18,125 टन, तर 2026 आणि 2027 साठी दरवर्षी 96,600 टन. भाव चढले खरे, कारण कारखान्यांचे ट्रक सीमेवर मोजता येतात. नोव्हेंबरमध्ये एंत्रप्रीझ जनराल द्यु कोबाल्टने हाताने काढलेल्या, मूळ शोधता येईल अशा कोबाल्टची पहिली खेप जाहीर केली. ती 1,000 टनांची होती.