सांतोरिनी: राखेखाली आणि राखेतून

सांतोरिनीचे पांढरे घुमट आणि निळा समुद्र लग्नाच्या फोटोंनी पार गुळगुळीत करून टाकलेत. चुन्याच्या त्या पांढऱ्या हाताखाली काय आहे, ते फोटोत दिसत नाही. तिथे आहे ज्वालामुखीची राख.

इसवी सनापूर्वी १६००च्या सुमारास (नेमक्या सालावरून अजून वाद चालू आहेत) या ग्रीक बेटावर प्रचंड उद्रेक झाला. बेटाचा मधला भाग खचला, तिथे समुद्र शिरला आणि उरलेल्या जमिनीवर राखेचे जाडजूड थर बसले. पुढच्या काळात लोकांनी हेच मऊ थर कोरून घरं केली. राखेच्या खडकात हवेची असंख्य छिद्रं असल्याने अशी घरं उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात उबदार राहतात.

बेटावर मोठी झाडं जवळपास नाहीतच. मग तुळई कुठून आणायची? म्हणून छत कमानदार. कमानीत वजन दाबाच्या रूपाने भिंतींवर उतरतं, आणि दगड दाब सोसण्यात पक्का, ताण सोसण्यात कच्चा. हे दगड सांधायलाही राखच. तिच्यातली सिलिका आणि अॅल्युमिना यांचा विझवलेल्या चुन्याशी संयोग झाला की तयार होणारा गारा पाण्याखालीही घट्ट होतो. त्यामुळे छतावरचं पावसाचं पाणी साठवायच्या टाक्याही त्यानेच लिंपता आल्या.

हाच गुण सुएझ कालव्याच्या बांधकामाला हवा होता. १८६०च्या दशकात त्यासाठी शेजारच्या थिरासिया बेटावर राख खणताना खाली प्रागैतिहासिक घरांच्या भिंती लागल्या! पुढे १९६७मध्ये ग्रीक पुरातत्त्वज्ञ स्पिरिडॉन मारिनाटोस यांनी सांतोरिनीवरच अक्रोतिरी इथे उत्खनन सुरू केलं आणि राखेखालून दोन-तीन मजली घरं, सांडपाण्याचे नाले आणि रंगीत भित्तिचित्रं असलेलं अख्खं गाव निघालं. भिंतींत लाकडी चौकटी बसवलेल्या होत्या, बहुधा भूकंपाच्या भीतीने. इटलीत अशाच राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई शहरासारखे मृतदेह मात्र सापडले नाहीत. लोक आधीच निघून गेले असावेत.

तिथल्या एका भिंतीवर निळी माकडं आहेत. शेपटीची उभी ठेवण पाहून काही संशोधकांनी २०१९-२०च्या सुमारास ती लंगूर ठरवली, म्हणजे आपल्याकडे देवळांभोवती दिसणाऱ्या काळतोंड्या वानरांचीच जात. लंगूर भारतीय उपखंडातला. चित्रकाराने तो प्रत्यक्ष पाहिला, की मेसोपोटेमियामार्गे आलेल्या एखाद्या चित्रात? ही ओळखच सगळ्यांना मान्य नाही. काहींच्या मते ती आफ्रिकेतलीच माकडं आहेत.