दृक्‌श्राव्य संग्रहाची निवड

सार्वजनिक ग्रंथालयासाठी ध्वनिमुद्रणे व माहितीपट पारखून घेण्याची पद्धत. पुस्तक कपाटापाशी उभ्या उभ्या चाळता येते. गाणे किंवा माहितीपट मात्र तेवढा वेळ देऊनच ऐकावा-पाहावा लागतो. बालसंगीत आणि मानवी हक्कांवरील माहितीपट ही या कामाची दोन टोके. अमेरिकेतील ग्रंथालयांत त्यांची पारख बरीच रुळलेली आहे.

बालसंगीतात पहिली कसोटी पट्टीची. मोठ्यांच्या गळ्याला सोयीची खालची पट्टी लहानग्यांना झेपत नाही. शब्द वाद्यांत बुडता कामा नयेत, आणि मुलाला गाण्यात शिरायला जागा हवी. शिकागोच्या एला जेंकिन्स (१९२४–२०२४) यांनी १९५७ पासून फोकवेज कंपनीसाठी ध्वनिमुद्रित केलेली गाणी याचा वस्तुपाठ ठरली. त्या एक ओळ म्हणत, मुले ती झेलत. आपल्याकडच्या पोवाड्यातल्या झीलकऱ्याची जागा तिथे मुलाला मिळते. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनचा बालविभाग १४ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी उल्लेखनीय ध्वनिमुद्रणांची यादी काढत आला आहे. यादी हाताशी असली तरी ग्रंथपालाने स्वतः ऐकणे टळत नाही. गोड आवाजात उपदेश पाजणारी मुद्रणे ऐकल्यावरच कळतात.

माहितीपटाबाबत प्रश्न वेगळे. चित्रण कोणी केले, पैसा कोणाचा, ज्यांचे दुःख पडद्यावर येते त्यांची संमती होती का? ‘दुसरी बाजू कुठे आहे?’ ही तक्रार ठरलेलीच. पण समतोल प्रत्येक चित्रपटात नव्हे, संग्रहात शोधायचा असतो. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या १९३९ च्या ग्रंथालय हक्कांच्या सनदेचा, आणि एका चित्रपट-ग्रंथालय संघटनेने १९७९ मध्ये स्वीकारलेल्या व पुढे असोसिएशनने पाठिंबा दिलेल्या ‘पाहण्याच्या स्वातंत्र्या’च्या निवेदनाचा आधार इथे घेतला जातो. उपशीर्षकेही तपासावी लागतात. आनंद पटवर्धनांचा ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) घाटकोपरच्या रमाबाई नगरातील १९९७ च्या गोळीबारापासून सुरू होतो. त्यातली शाहिरी गाणी म्हणजे निव्वळ पार्श्वसंगीत नव्हे, ती साक्ष आहे. गाण्याचे शब्द उपशीर्षकांत उतरले नाहीत, तर मराठी न जाणणाऱ्याला अर्धाच चित्रपट दिसतो.

सर्वांत किचकट बाब हक्कांची. विकत घेतलेली डीव्हीडी घरी न्यायला देता येते, पण तीच ग्रंथालयाच्या सभागृहात लावायची तर जाहीर प्रदर्शनाचा परवाना वेगळा लागतो. त्यामुळे एकाच माहितीपटाला घरगुती आणि संस्थात्मक अशा दोन किमती असतात, आणि दुसरी कैक पटींनी जास्त असू शकते. ऑनलाइन सेवांनी हिशेबच बदलला. कॅनोपीसारख्या सेवेत वाचकाने चित्रपट पाहिला की खर्च ग्रंथालयाच्या खात्यावर चढतो. म्हणजे निवड ग्रंथपालाकडून प्रेक्षकाकडे सरकते. न्यूयॉर्क, ब्रुकलिन आणि क्वीन्स येथील ग्रंथालयांनी खर्च पेलेना म्हणून १ जुलै २०१९ पासून ही सेवा बंद केली. डीव्हीडी मात्र होत्या तिथेच, कपाटात राहिल्या.