बंगला आणि बंगलो : एकाच शब्दाची दोन घरे

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी माणसाने ‘शहराच्या जुन्या भागातला शंभर वर्षांचा बंगलो घेतला’ असे घरी कळवले, की पुण्या-नाशिकच्या नातेवाइकांच्या डोळ्यांपुढे मोठे फाटक, आंब्याचे झाड, दोन मजले आणि वर गच्ची उभी राहते. प्रत्यक्षातले घर बहुधा एकमजली, फार तर पोटमाळ्यापर्यंत वाढवलेले, लाकडी, आणि शेजारच्या घरापासून काही फुटांवर असते. दोन्ही शब्द एकाच मुळाचे आहेत, म्हणूनच हा घोटाळा होतो.

हे मूळ बंगालात आहे. बांबूचा सांगाडा, गवताने शाकारलेले छप्पर, आणि पावसाचे पाणी झटकन निथळावे म्हणून दोन्ही टोकांकडे बाकदार उतरत गेलेली वळचण, अशा बंगाली धाटणीच्या झोपडीला ‘बंगला’ म्हणत. सतराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीच्या लोकांनी तो शब्द उचलला आणि पुढे लष्करी छावण्यांतून त्याच नावाचे, पण फार मोठे घर तयार झाले. त्याला उंच जोते, बाजूंनी व्हरांडा आणि उंच छताच्या खोल्या असत. स्वयंपाकघर आणि नोकरांच्या खोल्या मुख्य घरापासून वेगळ्या मागे असत. भोवतीचे आवार इतके प्रशस्त असे, की रस्त्यावरच्या माणसाला घर झाडांआडून जेमतेम दिसावे. पुण्याच्या कॅम्पात, महाबळेश्वरला, माथेरानला अशी घरे आजही पाहता येतात. साहेबाच्या या घरामुळे मराठीत ‘बंगला’ शब्दाला प्रतिष्ठा चिकटली. एकमजली असण्याची अट मात्र गळून पडली. चारही बाजूंनी मोकळे असणे आणि स्वतःचे आवार असणे, एवढ्यावर आपण घराला बंगला म्हणू लागलो.

इंग्लंडमध्ये नेमके उलटे झाले आणि शब्दात एकमजलीपणाच तेवढा उरला. अमेरिकेत ‘बंगलो’ म्हटल्या जाणाऱ्या घराचा बहर साधारण 1905 ते 1930 या काळातला, आणि त्याची खरी भूमी कॅलिफोर्निया. ट्रामचे रूळ गावाबाहेर सरकू लागले, तसे त्या मार्गांलगत अरुंद भूखंड पाडले गेले आणि कारकून, कारागीर, शिक्षक अशा पगारदार कुटुंबांनी तिथे आपले पहिले घर बांधले. शहरे पुढे कित्येक मैल पसरली; म्हणून एकेकाळची ही गावाबाहेरची वस्ती आज मध्यवर्ती ‘जुना भाग’ झाली आहे. घर स्वस्त पडावे म्हणून नकाशांची पुस्तके विकली जात. सीअर्स कंपनी तर 1908 ते 1940 या काळात कॅटलॉगमधून अख्खे घर विकत असे, आणि पुढे पुढे मापात कापून क्रमांक घातलेले लाकूड रेल्वेने गिऱ्हाइकाच्या गावी पोहोचवत असे. छावणीतल्या बंगल्याच्या संदर्भात अशा विक्रीची कल्पनाही करवत नाही.

रूपाने हे घर ओळखणे सोपे आहे. छप्पर कमी उताराचे असते, ते भिंतींच्या बरेच पुढे येते आणि खालून वाशांची टोके उघडी दिसतात. दर्शनी बाजूला पोर्च असतो आणि त्याचे खांब वर निमुळते होत जातात, खाली विटांच्या किंवा दगडांच्या जाड चौथऱ्यांवर उभे राहतात. आत शेकोटी, आणि भिंतीतच बसवलेली कपाटे व बाके. शिकागोत हेच घर विटांचे झाले आणि त्याखाली तळघर आले.

माझ्या मते दोहोंतला खरा फरक आकारापेक्षा रस्त्याशी असलेल्या नात्यात आहे. आपला बंगला आवारामागे सरकून रस्त्याला पाठमोरा राहतो. अमेरिकी बंगलो पुढे येऊन बसतो, आणि त्याच्या पोर्चमधून येणाऱ्या-जाणाऱ्याशी सहज बोलता येते. त्या पोर्चला व्हरांड्यापेक्षा आपली ओसरी अधिक जवळची आहे. मूळ बंगाली झोपडीचा वारसा म्हणाल तर तो छावणीतल्या बंगल्याकडे आणि अमेरिकी बंगलोकडे एवढाच उरला आहे: खाली झुकलेले छप्पर आणि त्याची सावली.

अपवादही आहेत. कॅलिफोर्नियातील पासाडीना शहरात ग्रीन बंधू या वास्तुविशारदांनी 1908 मध्ये गॅम्बल कुटुंबासाठी आरेखलेले घर तीन मजली आणि धनाढ्याचे आहे, तरीही जाणकार त्याची गणना बंगलो परंपरेत करतात, कारण त्याचे छप्पर, वासे आणि लाकूडकाम त्याच घडणीचे आहे.

अशा जुन्या घरांना लावल्या जाणाऱ्या ‘ऐतिहासिक’ या विशेषणाचाही नीट अर्थ लावायला हवा. अमेरिकेच्या 1966 च्या कायद्याने स्थापन झालेल्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत घराचे नाव आले, म्हणजे ते आपोआप सुरक्षित झाले, असा समज पुष्कळांचा असतो. पण खासगी मालकाने स्वतःच्या पैशांनी घर बदलले किंवा पाडले, तरी केवळ त्या नोंदीमुळे त्याला अडवता येत नाही. बंधन येते ते स्थानिक नियमांनी. पासाडीनातील ‘बंगलो हेवन’ या वस्तीला नगराने 1989 मध्ये वारसा-क्षेत्राचा दर्जा दिला, आणि तिथे रस्त्यावरून दिसणाऱ्या बाजूत मोठा बदल करायचा तर आधी नगराची संमती घ्यावी लागते. आपल्याकडे मुंबईतही 1995 च्या वारसा-नियमावलीने इमारतींच्या श्रेणी ठरवून असेच स्थानिक बंधन घातले. म्हणून अशा वस्तीत घर घेणाऱ्याने दारावरच्या ‘ऐतिहासिक’ पाटीआधी नगराची नियमावली वाचावी, विशेषतः जुन्या लाकडी खिडक्या बदलण्याचा विचार असेल तर.