कॉलेज आणि एनबीए (अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग), एकाच प्रशिक्षकाला दोन्ही जमत नाही?

अमेरिकन बास्केटबॉलमध्ये हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. पुरावा म्हणून कॉलेज बास्केटबॉलमधले नामांकित प्रशिक्षक रिक पिटिनो यांचं बोस्टन सेल्टिक्स या एनबीए संघातलं अपयश पुढे केलं जातं. ते अपयश खरंच होतं, पण त्यावरून नियम काढणं चूक आहे.

लॅरी ब्राऊन यांच्याकडे पाहा. १९८८ मध्ये त्यांच्या कॅन्सस विद्यापीठाने कॉलेजच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ओक्लाहोमाला ८३-७९ असं हरवलं. त्या मोसमात तब्बल ११ सामने गमावलेला हा संघ! डॅनी मॅनिंगने एकट्याने ३१ गुण केले. पुढे २००४ मध्ये ब्राऊन यांच्याच डेट्रॉइट पिस्टन्सनी शकील ओनील, कोबी ब्रायंट यांच्या लेकर्सना एनबीएच्या अंतिम फेरीत ४-१ असं नमवलं, तेही भक्कम बचाव आणि सांघिक खेळाच्या जोरावर. कॉलेज आणि एनबीए अशी दोन्ही विजेतेपदं मिळवणारे ते एकमेव प्रशिक्षक. न्यूयॉर्क निक्ससोबत मात्र २००५-०६ मध्ये ते ८२ पैकी ५९ सामने हरले, आणि तेव्हा तर व्यावसायिक बास्केटबॉलचा दांडगा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. मग त्या अपयशाचा दोष कॉलेजच्या पार्श्वभूमीला कसा देणार?