सिग्नलला बंद पडते की घाटात?

जुनी पद्मिनी झटके खायला लागली की सल्ला ठरलेला: चोक (हवा अडवून पेट्रोलचं प्रमाण वाढवणारी झडप) ओढून बघा, सुधारली तर कार्ब्युरेटरमध्ये, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागात, कचरा आहे, उघडा. ही परीक्षा फसवी आहे. कुठून तरी जादा हवा शिरत असो की पेट्रोल कमी पडत असो, मिश्रण पातळच होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी, प्लग पांढरे पडतात आणि चोक ओढला की गाडी बहुतेक वेळा तात्पुरती बरी चालते.

त्यापेक्षा त्रास कधी होतो ते बघावं. हवा शिरत असेल तर गाडी पुण्यात अलका टॉकीजच्या सिग्नलला थरथरते, बंद पडते, मोकळ्या रस्त्यावर मात्र पळते. स्लोवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना, थ्रॉटल (ॲक्सिलरेटरने उघडणारी झडप) जवळजवळ मिटलेला असतो आणि मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे कार्ब्युरेटरकडून इंजिनात जाणाऱ्या नळीत, व्हॅक्यूम जोरात. त्या जोडातल्या फाटक्या पॅकिंगमधून येणारी जराशी हवाही त्या वेळी पुष्कळ ठरते; थ्रॉटल उघडला की तिची किंमत उरत नाही. पेट्रोल कमी पडणारी गाडी सिग्नलला निवांत उभी राहते आणि कात्रजच्या घाटात दम सोडते. चढावर फ्लोट चेंबर (कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची छोटी टाकी) रिकामा होतो त्या वेगाने पंप तो भरू शकत नाही. दोन मिनिटं थांबलात की चेंबर भरतो, गाडी काही झालंच नाही अशा थाटात सुरू होते आणि दोन वळणांनी पुन्हा तेच.

घोळ घालतो तो स्लो जेट, म्हणजे स्लोवर पेट्रोल सोडणारं बारीक भोक. तो चोंदला की दोष पेट्रोलचा, लक्षणं मात्र हवेची. अशा वेळी स्लोवर ठेवून पॅकिंगच्या कडेने साबणाचं पाणी थोडं थोडं सोडा. आवाज बदलला तर हवा तिथूनच शिरतेय. काहीच फरक नाही आणि मिक्स्चर स्क्रू (स्लोचं मिश्रण जुळवणारा) फिरवूनही इंजिन ढिम्म, तर जेट काढून हवा मारा. तारेने टोचू नका, भोक मोठं होतं. पॅकिंग नवं घालूनही स्लो बसत नसेल तर थ्रॉटलची दांडी हलवून बघा. दांडी ज्यात फिरते त्या झिजलेल्या बुशातून हवा येते, ती नटबोल्ट कितीही आवळून थांबत नाही. उलट जास्त आवळलं तर फ्लँज (जोडाची सपाट कड) वाकतो.

मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम मोजणारा गेज लावणार असाल तर एक हिशेब: पुस्तकातले 17 ते 21 इंच (पाऱ्याचे, स्लोवर) समुद्रसपाटीचे. पुणे साधारण 560 मीटरवर, म्हणजे इथे सुमारे 2 इंच कमीच दिसणार.

घाटातल्या दुखण्यात आधी टाकीचं झाकण सैल करून चालवून बघा, फुकटचं काम आहे. झाकणाचं छिद्र बुजलं की टाकीत व्हॅक्यूम तयार होतो आणि पंपाला पेट्रोल ओढवत नाही. मग फिल्टर, मग पंपाचा डायफ्राम (आतला लवचिक पडदा). इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुनं रबर लवकर खराब होतं, म्हणून नाना पेठेत पाइप घेताना इथेनॉलला टिकणाराच मागा. आणि टाकी ते पंप हा तुकडा आधी बदला: तिथे चीर असली तरी बाहेर बहुधा थेंब दिसत नाही, कारण पंप पेट्रोलऐवजी हवा ओढत असतो.