श्रेकमधलं ग्लासभर दूध

श्रेक या हिरव्या राक्षसाच्या पहिल्या ॲनिमेशन सिनेमात तो सीन आहे बघा, खलनायक लॉर्ड फार्क्वाडच्या किल्ल्यात एका ग्लासात दूध ओततात आणि त्या बिचाऱ्या जिंजरब्रेडच्या माणसाचं, म्हणजे जिंजीचं, डोकं त्यात बुडवतात, तरी तो पठ्ठ्या काही कबूल करत नाही. हा सीन मी कितीतरी वेळा बघितलाय, पण मागच्या महिन्यात भाचीबरोबर बघताना मी मुद्दाम तिथेच पॉज केलं आणि तिला म्हटलं, हे दूध बघ जरा. ती म्हणाली, "मावशी, त्यात काय बघायचं, दूधच आहे ना ते."

मला नेमकं तेच सांगायचंय. ते दूध आहे असं तिला वाटलं आणि त्यापुढे तिच्या मनात काही आलंच नाही, हे घडवून आणायला चांगल्या चांगल्या गणितज्ञांची कित्येक वर्षं गेलीत. ड्रॅगन काढणं त्यामानाने सोपं, कारण ड्रॅगन कोणी पाहिलाय? तो असाच उडतो म्हटलं की आपण मान डोलावतो. दूध मात्र आपण जन्मल्यापासून रोज बघतोय, पातेल्यात ओतताना, उतू जाताना, सांडताना, त्यामुळे ते इतकंसं जरी चुकलं तरी आपला डोळा लगेच पकडतो, काय चुकलं ते सांगता येत नाही पण काहीतरी चुकलंय हे कळतं.

सिनेमाची गोष्ट थोडक्यात सांगते. विल्यम स्टीग यांचं लहान मुलांचं चित्रांचं पुस्तक १९९० मध्ये आलं, त्यावरून २००१ मध्ये सिनेमा आला, मग २००४, २००७ आणि २०१० मध्ये पुढचे भाग, शिवाय बूटवाल्या मांजराचे स्वतःचे दोन सिनेमे २०११ आणि २०२२ मध्ये. सर्वोत्कृष्ट ॲनिमेटेड चित्रपट असं वेगळं ऑस्कर २००२ च्या सोहळ्यात पहिल्यांदा दिलं गेलं आणि ते श्रेकलाच मिळालं. पहिला भाग बनला कॅलिफोर्नियात, पीडीआय-ड्रीमवर्क्स या स्टुडिओत. तिथे निक फॉस्टर म्हणून एक जण होते, त्यांचं काम म्हणजे कॉम्प्युटरमध्ये पाणी वाहवणं, आणि या कामासाठी त्यांना ऑस्कर देणाऱ्या अकादमीचा टेक्निकल पुरस्कारही मिळाला होता.

आता कॉम्प्युटरमध्ये पाणी वाहवायचं म्हणजे काय करायचं? पाणी, दूध, मध, हवा, सगळं वाहणारं ज्या नियमाने वाहतं त्याची समीकरणं एकोणिसाव्या शतकातच तयार होती, फ्रान्सच्या नावियेंनी १८२२ मध्ये मांडलेली आणि इंग्लंडमध्ये काम करणाऱ्या आयरिश स्टोक्सनी १८४५ मध्ये नीट बसवलेली. मुळात तो न्यूटनचाच नियम, जोर लावला की वेग बदलतो, फक्त एका दगडाऐवजी द्रवाच्या प्रत्येक कणाकणाला लावलेला, आणि प्रत्येक कण शेजारच्याला ढकलतोय, शेजारचा त्याला ढकलतोय, वर गुरुत्वाकर्षण सगळ्यांना खाली ओढतंय. ही समीकरणं लिहायला दोन ओळी पुरतात, पण ती तीन मितींमध्ये नेहमी नीट सुटतात का, हे आजपर्यंत कोणी सिद्ध केलेलं नाही, आणि जो करेल त्याच्यासाठी २००० सालापासून दहा लाख डॉलरचं बक्षीस लावून ठेवलंय. म्हणजे जिंजीच्या त्या ग्लासात गणितातला एक न सुटलेला प्रश्न भरलेला आहे, मला तर हे वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

कॉम्प्युटर ती समीकरणं पूर्ण सोडवत नाही, अंदाजे सोडवतो. ग्लासाच्या आतल्या जागेचे बारीक बारीक चौकोनी ठोकळे पाडायचे आणि प्रत्येक ठोकळ्यात दुधाचा वेग किती, दाब किती ते लिहून ठेवायचं, मग वेळ एक बारीक पाऊल पुढे सरकवायची आणि सगळ्या ठोकळ्यांचा हिशोब परत मांडायचा. सिनेमात सेकंदाला २४ चित्रं असतात, प्रत्येक चित्रासाठी हा हिशोब हवाच. गंमत अशी की वेळेचं पाऊल जरा मोठं टाकलं की जुन्या पद्धतीत आकडे भरकटायचे आणि दूध अक्षरशः स्फोट झाल्यासारखं ग्लासातून उडायचं. यावर १९९९ मध्ये कॉम्प्युटर ग्राफिक्सचे संशोधक जोस स्टाम यांनी फार सुंदर तोडगा दाखवला. या ठोकळ्यातलं दूध आता कुठे जाईल असं विचारू नका, या ठोकळ्यात आत्ता जे दूध आहे ते क्षणभरापूर्वी कुठे होतं असं विचारा, आणि तिथला वेग इथे आणून ठेवा. नुसता प्रश्न उलटा केला. तिथे जो वेग होता तोच इथे येणार, त्याहून मोठा आकडा येणारच कुठून, म्हणून भरकटणं थांबलं.

पण दुधाचा वेग कळला म्हणून दूध दिसत नाही, त्याचा पृष्ठभाग कुठे आहे ते कळायला हवं. धार ग्लासात पडते तेव्हा पृष्ठभाग फाटतो, थेंब सुटतात, परत मिसळतात, तळाशी बुडबुडे अडकतात, आणि एखादं कापड विणलेलं असावं तसा तो धरून ठेवला तर प्रत्येक वेळी फाडून शिवत बसावं लागेल. इथे स्टॅनली ओशर आणि जेम्स सेथियन या गणितज्ञांनी १९८८ मध्ये काढलेली लेव्हल सेट नावाची पद्धत कामाला आली. पृष्ठभाग धरूनच ठेवायचा नाही, प्रत्येक ठिकाणी फक्त एक आकडा लिहायचा, इथून पृष्ठभाग किती लांब आहे, आणि दुधाच्या आत असलो तर तो आकडा उणे, बाहेर असलो तर अधिक. जिथे शून्य तिथे पृष्ठभाग. दोन थेंब जवळ आले की आकडे आपोआप मिसळतात, शिवणकाम काही नाही.

या पद्धतीत एक खोट होती, ठोकळ्यापेक्षा बारीक असलेला थेंब किंवा दुधाचा पातळ पापुद्रा हिशोबातून गायबच व्हायचा, आणि असे थोडे थोडे थेंब हरवत हरवत ग्लासातलं दूध कमी व्हायचं! घरी दूध ओतताना पातेल्यातलं दूध हवेत विरलं तर कसं वाटेल. मग फॉस्टर आणि स्टॅनफर्डचे रॉन फेडकिव (जे ओशर यांचेच विद्यार्थी) यांनी पृष्ठभागाजवळ हजारो कण सोडले, ते कण वाहत्या दुधाबरोबर जातात आणि जिथे आकडे पुसट होतात तिथे खरा पृष्ठभाग इथे होता अशी साक्ष देतात. हे काम त्यांनी २००१ च्या ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसला सिग्ग्राफ या कॉम्प्युटर ग्राफिक्सच्या परिषदेत मांडलं. त्यातला मला सगळ्यात आवडणारा भाग वेगळाच आहे, दिग्दर्शकाला भौतिकशास्त्राशी घेणंदेणं नसतं, त्याला चिखल इथेच पडायला हवा असतो, म्हणून या पद्धतीत द्रवाला हळूच हाताला धरून हवं तिकडे न्यायचीही सोय ठेवली होती. सुरुवातीला श्रेक दलदलीत चिखलाने अंघोळ करतो तो सीन आठवा. चिखल आणि दूध, नियम तोच, फक्त चिकटपणाचा आकडा बदलायचा. दुधाचा चिकटपणा पाण्याच्या साधारण दुप्पट, मधाचा हजारो पट, आणि चिखल तर आणखीनच हट्टी.

बरं, आता वाहण्याचं झालं, पण दूध दुधासारखं दिसायला पण हवं ना. ते का दिसतं पांढरं? त्यात पांढरा रंग कोणी टाकलेला नाही, पाणी रंगहीन, स्निग्धांशाचा बारीक थेंब जवळजवळ रंगहीन. पण दुधात स्निग्धांशाचे असंख्य गोळे आणि केसीन प्रथिनाचे त्याहून लहान कण तरंगत असतात, प्रकाश आत शिरला की या गोळ्यावरून त्या गोळ्यावर आपटत आपटत भलतीकडूनच बाहेर पडतो, आणि सगळेच रंग असे मिसळून बाहेर आले की आपल्याला पांढरं दिसतं.

भाचीला हे नुसतं सांगून पटेना म्हणून आम्ही स्वयंपाकघरातला दिवा बंद केला, काचेच्या ग्लासात पाणी घेतलं आणि चमच्याने दुधाचे थेंब एक एक करून टाकत गेलो, बाजूने मोबाईलचा टॉर्च. तीनचार थेंबांत पाणी बाजूने बघितलं तर निळसर, आणि टॉर्चच्या समोरून बघितलं तर पिवळट नारिंगी, संध्याकाळच्या सूर्यासारखं. लहान कण निळ्या प्रकाशाला जास्त विखुरतात, जे राहतं ते नारिंगी, आकाश निळं आणि मावळता सूर्य तांबडा दिसतो ते याच विकिरणामुळे. साय काढलेलं दूध जरा निळसर दिसतं त्याचंही कारण हेच, मोठे गोळे गेले, लहान कण राहिले. मग मी तिला टॉर्चवर बोट ठेवायला सांगितलं, बोट लालभडक दिसलं, आणि तिने विचारलं की मग आपण पण दूधच आहोत का. मला इतकं आवडलं ते!

कारण अगदी बरोबर आहे ते. त्वचेतही प्रकाश आत शिरतो, भटकतो आणि शिरला त्या जागेपासून थोडा लांब बाहेर येतो, रक्त निळा हिरवा प्रकाश खाऊन टाकतं आणि लाल जास्त लांबपर्यंत जातो. आधीच्या ॲनिमेशनमध्ये बहुतेक ठिकाणी हिशोब सोपा करायला असं धरायचे की प्रकाश जिथे पडला तिथूनच परत उडाला, आणि म्हणून माणसं प्लॅस्टिकची वाटायची. प्रत्येक किरणाचा आतला प्रवास मोजायचा म्हटलं तर कॉम्प्युटर बसणार महिनोन्महिने. हेन्रिक वान येन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर उपाय मांडला तो त्याच २००१ च्या सिग्ग्राफमध्ये. आतलं भटकणं मोजूच नका, पृष्ठभागाच्या थोडं खाली एक आणि थोडं वर एक असे दोन काल्पनिक दिवे धरा, त्यांचं उत्तर खऱ्याच्या खूप जवळ येतं. आणि त्यांनी मोजमाप कशाकशाचं केलं माहितीये? संगमरवर, त्वचा, आणि दूध, साय काढलेलं आणि पूर्ण स्निग्धांशाचं दोन्ही. एकाच परिषदेत एका पेपरने दुधासारखे द्रव वाहवले आणि दुसऱ्याने दूध उजळवलं.

पुढच्याच वर्षी येन्सन आणि पीडीआयचे हुआन बुलर यांनी तो हिशोब आणखी वेगवान केला, आणि २००४ च्या दुसऱ्या भागात प्रकाशाचं काम खूप पुढे गेलं, त्यात भिंतीवर पडून परत उडालेला उजेडही मोजला गेला, नाहीतर तोपर्यंत कलाकार असा उजेड खोटे दिवे लावून हाताने भरायचे. दोन्ही सिनेमांतला राजकन्या फियोनाचा गाल शेजारी शेजारी लावून बघा, फरक लगेच दिसतो.

फियोनाचा तर किस्साच आहे. पहिल्या भागात काम करता करता ती इतकी खऱ्या बाईसारखी दिसायला लागली की टीमलाच ते बघवेना, आणि तिला मुद्दाम थोडं कार्टूनकडे परत आणलं. जपानचे रोबो-संशोधक मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्येच रोबोंबद्दल लिहून ठेवलं होतं की बाहुली माणसासारखी होत जाते तशी आवडत जाते, पण अगदी जवळजवळ माणूस झाली की एकदम नकोशी वाटते, प्रेतासारखी. माझं मत विचाराल तर हा तोच दुधाचा प्रश्न आहे, फक्त दुधापेक्षा चेहरे आपण कितीतरी जास्त बारकाईने बघत मोठे होतो. श्रेक हिरवा, कर्ण्यासारखे कान, त्याचा नमुना आपल्या डोक्यात नाहीच, म्हणून तो सुटला.

आणि मग ते बूटवालं मांजर. टोपी छातीशी धरून, डोळे मोठे करून बघतं तेव्हा आमच्याकडे सगळे एका सुरात "अग्गं" करतात. प्राण्यांच्या वागण्याचे अभ्यासक कोनराड लोरेन्झ यांनी १९४३ मध्ये मांडलं होतं की मोठे डोळे, मोठं कपाळ, गुबगुबीत गाल दिसले की आपल्यातली बाळ सांभाळायची ओढ जागी होते, पिल्लू कोणाचं का असेना. इथे ॲनिमेटर्सनी डोळ्यातली बाहुली पसरवली, आणि ते खोटं नाहीये, खऱ्या मांजराची उभी फट अंधारात खरंच गोल होते, तिचं क्षेत्रफळ सुमारे १३५ पट वाढू शकतं, आपलं जेमतेम १५ पट.

आमच्या सोसायटीच्या भिंतीवर एक पिवळं मांजर बसतं, दुपारी चारच्या सुमाराला, ऊन पाठीमागून. त्या दिवशी भाचीने मला खिडकीत बोलावलं. मांजराच्या डोळ्यात उन्हाने बारीक उभी रेघ झालेली होती, आणि दोन्ही कान आतून दिवा लावल्यासारखे गुलाबी दिसत होते, त्यात शिरा सुद्धा. "मावशी, दूध," ती म्हणाली.