‘हाड’ आणि ‘यू यू’

कामावरून दमून घरी यावं, दार उघडावं, तर कोल्हापुरी चपलेचा अंगठा फस्त झालेला. कुत्रा कोपऱ्यात. कान मागे, शेपूट पायांत, नजर चुकवतोय. “बघ कसा बघतोय, चोर कुठला! सगळं कळतंय त्याला,” असं म्हणून आपण त्याला चार शब्द सुनावतो.

न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजातल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी नेमका हाच चेहरा तपासायला घेतला. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात १४ कुत्रे होते. मालकाने ‘खायचं नाही’ असं बजावायचं आणि खोलीबाहेर जायचं. मागे कधी कुत्र्याला तो खाऊ खाऊ दिला जाई, कधी गुपचूप उचलून ठेवला जाई. परतलेल्या मालकाला कधी खरं सांगत, कधी चक्क खोटं. त्यामुळे काही कुत्र्यांनी काहीही न करता बोलणी खाल्ली. खाऊ खाल्ला की नाही, याचा त्या ‘अपराधी’ चेहऱ्याशी काही संबंध दिसला नाही. मालक रागावला की तो चेहरा उमटे, आणि आज्ञा पाळूनही ओरडा खाणाऱ्यांच्या तोंडावर तर जरा जास्तच. कुत्र्याला अपराधीपणा वाटतच नाही, असं यातून सिद्ध होत नाही. पण आपण कुत्र्याची कबुली म्हणून जे वाचतो, तो बहुधा आपल्याच रागाचा ठसा असतो.

हा ठसा किती खोल जातो? स्वीडनमधल्या लिंशोपिंग विद्यापीठात ५८ कुत्री आणि त्यांच्या मालकिणींच्या केसांतलं कॉर्टिसॉल मोजलं. हे ताणाचं संप्रेरक वाढत्या केसात साठत जातं, त्यामुळे केस म्हणजे गेल्या काही महिन्यांची रोजनिशीच. दोघांच्या पातळ्या एकमेकींशी जुळत्या निघाल्या. कुत्र्याच्या स्वभावाचा यात फारसा हात दिसला नाही, मालकिणीच्या स्वभावाचा दिसला. २०१९चा हा अभ्यास लहान आहे, आणि कोणामुळे कोणाला ताण येतो हे नुसत्या जुळणीवरून सांगता येत नाही. तरी मला तो पटतो. चिडक्या घरातला कुत्रा फाटकाबाहेरूनही ओळखू येतो.

पोर्तुगालमधल्या संशोधकांनी पुढच्याच वर्षी शिक्षेचा हिशेब मांडला. एका बाजूच्या वाडग्यात सॉसेज, दुसऱ्या बाजूचा वाडगा नेहमी रिकामा, हे कुत्र्यांना आधी शिकवलं आणि मग वाडगा मधोमध ठेवला. खाऊ देऊन शिकवलेले कुत्रे त्याच्याकडे लगबगीने गेले. ओरडून, पट्ट्याला हिसके देऊन शिकवलेले रेंगाळले. मधल्या वाडग्यात काही असेल अशी त्यांना आशाच कमी होती.

आता यावरून ‘कुत्र्याशी वाईट तो माणूसच वाईट’ असा निकाल लावायचा मोह होतो. तसा तो लावता येत नाही. मालकाचा स्वभाव आणि कुत्र्याच्या खोडी यांचा संबंध अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत सापडला खरा, पण क्षीणच. नामदेवांनी पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावावं, ही गोष्ट आपण नामदेव कळावेत म्हणून सांगतो. बाकी माणसं एवढ्या सोप्या मोजमापात मावत नाहीत.

आपल्याकडचा खरा पुरावा मात्र घरात नाही, रस्त्यावर आहे. आयसर कोलकाता या विज्ञान-संशोधन संस्थेत अनिंदिता भद्रा आणि त्यांचे सहकारी भटक्या कुत्र्यांचा अभ्यास करतात. त्यांनी ३६४ पिल्लांवर नजर ठेवली. त्यातली जेमतेम १९ टक्के वयात येईपर्यंत जगली, आणि ६३ टक्के मृत्यूंमागे या ना त्या प्रकारे माणूस होता. त्याच चमूला असंही दिसलं, की अनोळखी माणसाने वारंवार भेटून नुसतं खाणं दिलं त्यापेक्षा अंगावरून हात फिरवला, तर त्या कुत्र्यांचा विश्वास जास्त बसतो. आणखी एका प्रयोगात रस्त्यावरच्या १६० कुत्र्यांना बोटाने वाडगा दाखवला. जवळपास निम्मे पुढे आलेच नाहीत. जे आले त्यांतले सुमारे ८० टक्के बोट दाखवलेल्या वाडग्याकडेच गेले, कोणी शिकवलेलं नसताना.

न आलेले मंद होते असं नाही. माणसाला भिऊन लांब राहिलेले होते. ही भीती पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. गल्लीत चपलेचा पट्टा लावायला नुसते खाली वाका. समोरचा कुत्रा दहा पावलं मागे सरतो आणि तुमच्या हाताकडे बघत राहतो.